सव्वादोन इंच

१४ ऑगस्ट १९३३, सोमवार

आज दुपारी साडेतीन वाजता, ओव्हरसियरसाहेबांच्या ओसरीवर, अक्कम्मा माझ्याकडे बघून हसली आणि माझं आयुष्य बदललं. उद्या हे वाक्य वाचून माझं मलाच हसू येईल. तरी खोडणार नाही.

मागचं थोडं लिहून ठेवतो. पुण्याचं कॉलेज मी इंटरला असताना सोडलं. सोडलं म्हणजे हॉस्टेलच्या सुपरिंटेंडेंटच्या टेबलावर शाईची दौत आपटली आणि ट्रंक उचलून स्टेशन गाठलं. वैरागला वडील महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. मग त्यांच्या ओळखीचे गुरुसिद्धप्पा ओव्हरसियर यांनी मला इथं, खडकाळीच्या तलावावर, मोजणीचा कारकून म्हणून चिकटवलं. सोलापूर सात मैल. शहराच्या नळांना पाणी जातं त्यातलं बरंचसं इथलं. माझं काम दिवसातून दोनदा, सकाळी आठला आणि दुपारी चारला. तलावात पाणी किती चढलं ते बघायचं आणि बांधाच्या पायथ्याला उतरून पाझर मोजायचा. मातीचा बांध कितीही पक्का असला तरी थोडं पाणी झिरपतंच. ते एका दगडी चरातून बाहेर येतं. चराच्या तोंडाशी पितळी पत्रा बसवलाय, पत्र्याला खाच आहे. खाचेतून पाणी किती उंचीनं वाहतं ते पट्टीनं बघायचं, रजिस्टरात लिहायचं. जूनपासून सव्वादोन इंच. एकदाही हललेलं नाही.

साहेबांनीच सांगितलं, मुलगी ट्रेनिंग कॉलेजच्या परीक्षेला बसतीय, इंग्रजी कच्चं आहे, सोमवार-गुरुवार येत जा. आज तिनं विचारलं, "तुम्ही चार वाजता इथं असता, मग तिकडं पाणी कोण मोजतं?"

माझी इतकी काळजी आजवर कुणी केली नव्हती. मी म्हटलं, राखणदार मोजतो, धुळाप्पा. धुळाप्पाला आकडे वाचता येत नाहीत. पण ती हसली.

सायकल हाणत परत आलो तोवर साडेसहा झाले होते. चारच्या रकान्यात सव्वादोन लिहिलं. दुसरं काय असणार होतं?

२५ ऑगस्ट, शुक्रवार

साहेब आठवड्याच्या तपासणीला आले. टांग्यातून उतरून बांधावर उभे राहिले, तपकीर ओढली.

"खाली चिखल हाय काय रे, तम्मा?"

"आहे साहेब."

"मग ऱ्हाऊ दे की. आकडा काय?"

"सव्वादोन."

"बेस." तिथंच, माझ्या पाठीवर रजिस्टर ठेवून सही केली. "असाच ऱ्हाऊ दे. आकडा हलला की वरची माणसं झोपू देत न्हाईत बघ."

भला माणूस. तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. जाताना शेंगाची चटणी दिली, अक्कम्मानं कुटलेली. चार दिवस पुरवीन.

काल तिनं मला 'अण्णा' अशी हाक मारली. सात मैल सायकलीवर त्याचाच विचार. मग ध्यानात आलं, कानडी घरात येईल-जाईल त्याला अण्णाच म्हणतात. दूधवाल्यालाही म्हणतात. म्हणजे त्यात काही नाही.

३१ ऑगस्ट, गुरुवार

पाऊस. पायथ्याची वाट शेवाळलीय, परवा तिथं घोणस दिसली. चारचं वाचन तर हल्ली होतच नाही, आता सकाळचंही राहिलं. वरूनच सव्वादोन, सव्वादोन. तलावाची उंची मात्र रोज बघतो, ती खोलीच्या खिडकीतून दिसते. बारा दिवसांत तीन फूट चढलाय.

अक्कम्माला कर्मणी प्रयोग समजावला. तिला पहिल्या फटक्यात समजतं, मीच तीनदा सांगतो.

७ सप्टेंबर, गुरुवार

आज धुळाप्पावर उगाच ओरडलो. साठीचा म्हातारा, बांधाखालच्या धनगरांच्या वस्तीतला. त्याच्या बापानं दुष्काळात याच बांधावर माती वाहिली होती. मी सायकल काढत होतो, तर हा पुढं येऊन उभा.

"भाऊसाब, खालचं पानी लई बोलाय लागलंय."

"बोलतंय म्हणजे?"

"आदी कुजबुजायचं. आता भांडल्यागत करतंय. जरा उतरून बगा की."

"तू मला शिकवणार? मी इंटर सायन्सपर्यंत शिकलोय!"

"व्हय, शिकला की तुमी," म्हातारा म्हणाला. "म्या कुटं न्हाय म्हनलं? मला मोजता येत न्हाय म्हनून तर तुमास्नी सांगतुया."

घंटी वाजवली आणि गेलो. शिकवताना तो आवाज डोक्यात होता, आणि अक्कम्मानं दोनदा विचारलं, "अण्णा, बरं नाही का?" दोनदा! मग आवाजाचं विसरलो.

१४ सप्टेंबर, गुरुवार

उत्तरा नक्षत्र काल लागलं आणि काल संध्याकाळी तलाव भरला. सांडव्यावरून दोन इंच पाणी पडतंय. वस्तीतल्या बायका ओटी घेऊन पाणी पूजायला आल्या. मलाही वाटलं, आज एकदा उतरावं.

उतरलो, खाचेला पट्टी लावली.

साडेचार इंच.

पट्टी उलटी धरली की काय म्हणून पुन्हा मोजलं. पुसून पुन्हा. साडेचार. आणि खाचेच्या पाण्याचा हिशेब असा की उंची दुप्पट म्हणजे पाणी दुप्पट नव्हे. कॉलेजात हेच प्रमेय सोडवताना जांभया दिल्या होत्या. खोलीत येऊन गणित मांडलं. पाणी साडेपाचपट झालंय. कधीपासून? ते जगात कुणालाच ठाऊक नाही. ते ठाऊक असणं एवढ्यासाठीच मला इथं ठेवलंय.

खरा आकडा लिहिला तर? काल दुपारी सव्वादोन, आज सकाळी साडेचार. वरचे इंजिनियरसाहेब आंधळे नाहीत. मागच्या पानांवर गुरुसिद्धप्पांच्या सह्या आहेत, न बघता केलेल्या. मी जाईन ते जाईन, तेही जातील. आणि मग त्या ओसरीवर मी कुठल्या तोंडानं बसणार?

सव्वादोन लिहिलं. शिकवायला गेलो नाही.

१८ सप्टेंबर, सोमवार

निरोप आला: शुक्रवारी बावीस तारखेला मोठे इंजिनियरसाहेब स्वतः तलाव बघायला येणार.

चार दिवस नीट जेवलो नाही. आज उपाय सुचला आणि सुचल्यावर वाटलं, हे इतकं सोपं होतं! आमच्या शेतात पाटाला भगदाड पडलं की वडील काय करतात? काळी माती, त्यात भुसा, पायानं तुडवून लिंपायची. सोलापुराकडची काळी माती एकदा धरली की लाखेसारखी धरते. चराच्या वरच्या बाजूला, दगडांच्या सांध्यांतून पाणी येतं, तिथं दुपारभर सतरा पाट्या माती दाबली. शेजारच्या वावरातून आणत होतो तर धुळाप्पाची बायको तानाबाई भेटली. परवा घट बसायचे, तीही सुपात माती नेत होती.

"अगं बया! भाऊसाब, तुमच्यात घट केवढा बसतुया म्हनायचा? आमच्यात सूपभर माती बी उरतीया!"

"आमच्यात मोठा असतो मावशी."

"मग बायकू बी दांडगीच बगा. त्येवढ्या घटाला पानी घालाय नगं?"

हसलो. हसताना घाम गळत होता.

२० सप्टेंबर, बुधवार

सकाळी आठ: सव्वादोन इंच. दुपारी चार: सव्वादोन इंच. खरे. स्वतः उतरून, स्वतः मोजून. रजिस्टर आणि पाणी पुन्हा एका सुरात बोलायला लागले. मी खोटं लिहिलं होतं ते आता खोटं राहिलं नाही! दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या आणि अक्कम्मावर आठ ओळींची कविता केली. इथं उतरवत नाही.

२१ सप्टेंबर, गुरुवार

धुळाप्पा सकाळीच हात धरून घेऊन गेला. चरापासून तीस पावलांवर बाभळींची दाटी आहे. जमीन पायाखाली गादीसारखी दबत होती. आत, एका जागी, ताटाएवढ्या गोलात वाळू नाचत होती. भात शिजताना शितं वर-खाली होतात ना, तशी. भोवती वाळूचं कडं झालेलं. मधून पाणी येत होतं, आणि ते चहासारखं होतं.

चराचं पाणी वाढलं तेव्हाही ते काचेसारखं होतं. गढूळ पाणी म्हणजे बांधाच्या पोटातली माती बाहेर येतेय. आतून बीळ पडतंय. हे मला कुणी सांगायला नको होतं.

"तुमीच लिपलंय न्हवं?" धुळाप्पा म्हणाला. "म्या माती बगितली."

मी वाकून ते पाणी ओंजळीत घेतलं.

"मेंढरं वाड्यात कोंडा, दार बांदा. पर कुपाटीला कुटं भोक हाय त्ये मानसाच्या आदी मेंढराला कळतंय. पान्याचं बी तसंच, भाऊसाब. त्येला गुमान जाऊ द्यायचं व्हतं."

मी त्याच्या अंगावर हात उगारला. लिहायला लाज वाटते, पण उगारला. म्हातारा हलला नाही. माझ्या हाताकडे बघत राहिला. मीच हात खाली घेतला.

उद्या साहेबांना सांगायचं. ठरलं.

२२ सप्टेंबर, शुक्रवार

सांगितलं नाही.

मोठे साहेब चांगले निघाले हेच वाईट झालं. वरून बघून गेले असते तर मनाला समजूत घालता आली असती. त्यांनी बूट काढले, पाटलोण गुडघ्यापर्यंत दुमडली, चिखलातून खाली उतरले. गुरुसिद्धप्पा मागून "साहेब, जपून, जपून" करत. साहेबांनी खिशातून स्वतःची पट्टी काढली, वाकले, मोजलं.

"सव्वादोन." तीन महिन्यांची पानं चाळली. "काठोकाठ तलाव, आणि पाझर केसभर हलला नाही. गुरुसिद्धप्पा, हा बांध आपल्या नातवंडांनाही पाणी पाजेल."

गुरुसिद्धप्पांचा चेहरा लहान पोरासारखा फुलला. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पोरगं नेमाचं हाय, साहेब."

बाभळी तीस पावलांवर होत्या. धुळाप्पा त्यांच्यापुढं काठी टेकून उभा होता आणि सगळा वेळ माझ्याकडे बघत होता. माझी जीभ टाळूला चिकटली. खरोखर चिकटली, मला वाटायचं ही बोलायची रीत आहे.

जाताना साहेबांनी हुकूम दिला. सांडव्यावर फळ्या लावा, आणखी एक फूट पाणी अडवा. उन्हाळ्यात शहराला तेवढाच आधार. संध्याकाळी मजुरांनी फळ्या लावल्या. मी उभा राहून मोजल्या. अकरा.

नंतर धुळाप्पाला विचारलं, तू का नाही बोललास?

"तुमी बोलचाल म्हनलं."

२३ सप्टेंबर, शनिवार

उजाडताच माती खरवडून काढली. दोघांनी. चर पुन्हा वाहायला लागला, पण बाभळीतलं पाणी थांबलं नाही, त्याला आता वाट सापडलीय. परवा ताटाएवढं होतं, आज परातीएवढं. काचेची बाटली भरून ठेवली, तासाभरात बोटभर गाळ खाली बसला.

वस्तीत गेलो. एक्केचाळीस घरं, सगळी ओढ्याच्या काठानं. पंचातला हरिबा खाटेवर दोरी वळत होता. म्हटलं, माणसं आणि मेंढरं वरच्या माळावर न्या, आजच.

"आन का म्हनून?"

"बांधाचा भरवसा नाही."

"काल म्होटा सायेब सवता उतरला. सवताच्या हातानं मोजलं. नातवंडास्नी पानी पाजंल म्हनला. आमी ऐकलंय की." दोरीला पीळ देत हरिबा हसला. "घट बसल्याती, देव उटवून माळावर न्यायाचा व्हय? त्यो म्होटा सायेब खुळा, आन कालचं तुमी शाणं?"

धुळाप्पा मधे पडला, तर हरिबा म्हणाला, "तुला गड्या वय झालं." बायका हसल्या. मी माझ्याच सव्वादोनांपुढं हात जोडून उभा होतो.

दुपारी बाटली घेऊन सोलापूर. गुरुसिद्धप्पा जेवून ओसरीवर पडले होते. सगळं सांगितलं. पहिल्या दिवसापासून. त्यांनी बाटली उजेडात धरली, हलवली, खाली ठेवली, धोतराला हात पुसले.

"सह्या माझ्या हायत, तम्मा."

"होय."

"पाच महिन्यांत पेन्शन. मार्गशीर्षात अक्कम्माचं लग्न." माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी विचारलं, "सांगितलं न्हाई काय तिनं? धारवाडचा मुलगा. मास्तर हाय. म्हणून तर परीक्षेची घाई."

मी बाटलीचं बूच उगाच घट्ट केलं.

मग ते जवळ सरकले, हळू बोलायला लागले. "नोड, बघ, आसं करू. सोमवारी अडीच लिही. मंगळवारी पावणेतीन. रोज पाव पाव चढव. शनिवारी मी सवता साहेबाला बोलावतो. कुणाचं काही जायचं न्हाई."

"शनिवारपर्यंत बांध थांबेल?"

"छप्पन वर्षं थांबलाय की रे!" पण ते बाटलीकडे बघत नव्हते.

खोटं कशाला लिहू, क्षणभर मला ते पटलं. क्षणभर नव्हे, चांगलं पाणी पिऊन होईपर्यंत. तांब्या अक्कम्मानंच आणला होता. ती दारातच थांबली.

"खाली घरं किती?" तिनं विचारलं.

"एक्केचाळीस."

"मग तुम्ही इथं काय करायलाय?"

आवाज चढला नव्हता. मी मनातल्या मनात तिच्याशी महिनाभर बोललो, त्यातली एकही अक्कम्मा अशी बोलली नव्हती. ती बापाला कानडीत काहीतरी म्हणाली. त्यांनी डोक्यावरचा रुमाल काढून तोंडावर धरला. मी बाटली उचलली.

मोठ्या साहेबांचा बंगला बंद. पट्टेवाला म्हणाला, होटगीला गेलेत, उद्या सकाळच्या गाडीनं येतील.

२४ सप्टेंबर, रविवार

स्टेशनवरच गाठलं त्यांना. फलाटावर, हमालांच्या गर्दीत. मला वाटलं होतं ओरडतील, कानाखाली देतील. त्यांनी फक्त तीन प्रश्न विचारले. शेवटचं खरं वाचन कधीचं? माती कुठं दाबली? गढूळ पाणी कधीपासून? मी उत्तरं देत गेलो तसा त्यांचा चेहरा पांढरा पडत गेला. मी पहिल्यांदा माझ्याहून शहाण्या माणसाला माझ्याइतकं भ्यालेलं बघितलं. त्यानंतर माझी भीती दुप्पट झाली. दुप्पट नव्हे. तो हिशेब मला आता येतो.

"मी त्या आकड्यावर फूटभर पाणी चढवलं," ते म्हणाले. एवढंच.

दहा वाजता फळ्या काढल्या. बांधाखालून पाणी सोडायच्या मोरीचं चाक चार माणसांनी शेवटपर्यंत फिरवलं. शहराचं वर्षाचं पाणी ओढ्यानं धो धो निघालं. बाभळीच्या जागी जाडी वाळू, तिच्यावर खडी, खडीवर दगड. पाणी जाऊ द्यायचं, माती अडवायची. धुळाप्पा गुरुवारी जे सांगत होता त्याला इंग्रजी नाव आहे, साहेबांनी ते मजुरांना सांगितलं, मजुरांनी धुळाप्पालाच विचारलं कसं रचायचं ते.

साहेब अनवाणी वस्तीकडे पळाले. साहेब पळताना बघून हरिबानं दोरी टाकली. दोन तासांत वस्ती माळावर. तानाबाईच्या डोक्यावर घट होता, बोटभर उगवलेला, ती एका हातानं तो आणि एका हातानं करडू सांभाळत चढत होती. मला बघितलं. घट सावरला आणि पुढं गेली.

गुरुसिद्धप्पा तिसऱ्या प्रहरी आले, स्वतःहून. खोलीतलं रजिस्टर आणि आपल्या कचेरीच्या किल्ल्या साहेबांच्या हातात दिल्या. माझ्याकडे बघितलं नाही. पोरगं नेमाचं हाय, म्हणाले होते.

२५ सप्टेंबर, सोमवार

माझा जाबजबाब सकाळी झाला. नवा कारकून उद्या येतो. साहेब म्हणाले, "हवं तर आत्ताच वैरागला जा. अडवणार नाही."

मी विचारलं, आज मोजणार कोण? दर तासाला वाचन हवंय.

त्यांनी रजिस्टर मिटून बाजूला ठेवलं. "तुझ्या एकट्याच्या आकड्याला आता किंमत नाही. पट्टी तू धर, आकडा मोठ्यानं म्हण, धुळाप्पा गाठ मारेल."

धनगर मेंढरं मोजतात तशी लोकरीची दोरी धुळाप्पानं कमरेला बांधलीय. पाव इंचाला एक गाठ. दर तासाला नवी दोरी. मी "पाच इंच" म्हणतो, तो म्हणतो, "पुन्यांदा बगा," आणि वीस गाठी पुऱ्या होईतो माझ्याकडे बघत नाही.

तलाव सव्वा फूट उतरलाय. साहेबांच्या हिशेबानं सहा फूट उतरला तर बांध वाचला म्हणायचं. मोरीतून एवढंच पाणी निघतं, चाकाला आणखी वळण नाही. बाटलीतला गाळ सकाळी बोटभर होता, आता अर्धं पेर कमी वाटतो. वाटतो, असं लिहिलं. वाटण्याला काही अर्थ नाही, पुढची बाटली बघायची. अक्कलकोटच्या अंगाला आभाळ काळं झालंय आणि परवा हस्त लागतोय.

खाली उतरलं की बांध डोक्यावर येतो. पन्नास फूट माती आणि तिच्यामागं ते सगळं पाणी. दगडांवर पाय ठेवला की तळव्यांना बारीक थरथर लागते. पाण्याची की माझी, कळत नाही. फुटला तर आवाज ऐकू येण्याइतका तरी वेळ मिळतो का, असं धुळाप्पाला विचारलं. "ते म्या कसं सांगू," तो म्हणाला, "आजून येकदा बी मेलो न्हाय." पहिल्यांदाच हसलो त्याच्यासंगं.

अक्कम्माला पत्र लिहायला घेतलं होतं. चार ओळी झाल्या. फाडलं. तिला सांगण्यासारखं माझ्याकडे अजून काही नाही.

गाडी साडेपाचची आहे. सायकल दाराला टेकवलेली आहे. मला जायचंय, हे खरं लिहून ठेवतो. फार जायचंय.

खालून धुळाप्पाची हाक आली. तास भरला. पट्टी घेतली, बाटली घेतली. सायकल भिंतीकडे सरकवली, म्हणजे पायात यायची नाही. बाहेर पडतो आणि दार लावून घेतो.